दिवाळीच्या सुट्टीत काय घ्यावं: रिमोटची गाडी, रोबोटिक्सचं किट, कॅरम की मातीचा किल्ला?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत घरात पाच मुलं असतील. वयं ११, ९ आणि ९ (या दोघी मुली), ६ आणि धाकटं दीड वर्षाचं. सगळ्यांचं मिळून बजेट चार हजार. यादीत सध्या आहे ते असं: रिमोटची गाडी, अकरा वर्षांच्या मुलासाठी रोबोटिक्सचं किट किंवा मायक्रोबिट (मुलांना कोड लिहायला शिकवणारा छोटा संगणक-बोर्ड), सगळ्यांत मिळून एक कॅरम, आणि मागच्या अंगणात किल्ला. किल्ल्याला जागा पाच फूट बाय चार फूट, माती आपली इथलीच काळी. घरात काहींचं म्हणणं पडलंय की हे सगळं सोडून एक टॅब घ्यावा, पाचही जणांचं भागेल.

गाडी घ्यायची तर कोणती, आणि सेलचा खर्च किती धरायचा? कॅरम किती इंची? काळ्या मातीचा किल्ला तिसऱ्या दिवशी तडकतो, तो कसा टिकवायचा? आणि दीड वर्षाचं मूल घरात असताना यातलं काय आणूच नये?


कुपवाड_दुरुस्ती

ताई, टॅबचं आधी सांगतो. पाच मुलांत एक टॅब म्हणजे एक खेळणार आणि चौघं त्याच्या खांद्यावरून बघणार. धाकट्याच्या वयाला तर स्क्रीन नकोच, जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९चं मार्गदर्शनही तेच सांगतं. टॅब यादीतून काढा.

गाडीत पहिली गोष्ट बघायची ती खोक्यावरची फ्रिक्वेन्सी. स्वस्त गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. शेजारच्या मुलाकडे त्याच फ्रिक्वेन्सीची गाडी असेल तर एका रिमोटवर दोन्ही गाड्या पळतात, नाहीतर दोन्ही अडखळतात. २.४ गिगाहर्ट्झची गाडी आपल्याच रिमोटशी जोडली जाते, दोन-तीन एकत्र खेळवता येतात. थोडी महाग पडते, पण पाच मुलांत तीच घ्या. बहुतेक गाड्यांत आधी गाडीचं बटण, मग रिमोटचं, असा क्रम असतो. उलट केलं की जोडणी होत नाही आणि गाडी बंद पडली म्हणून लोक दुकानात घेऊन येतात.

दुसरी गोष्ट सेल. गाडीत चार आणि रिमोटमध्ये दोन पेन्सिल सेल लागत असतील तर साधे झिंक-कार्बन सेल गाडीत घालूच नका. मोटर अर्धा ते एक अँपिअर ओढते, तेवढ्या ओढीला या सेलचा दाब लगेच पडतो. सेल संपलेला नसतो, पण गाडी पळत नाही. हेच सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे महिनोन् महिने चालतात, म्हणून टाकू नका. गाडीत अल्कलाइन घाला, नाहीतर रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड. रिचार्जचा सेल दीड नव्हे तर १.२ व्होल्टचा असतो. चार मिळून ६ऐवजी ४.८ व्होल्ट होतात, त्यामुळे गाडी जरा हळू पळते, पण जास्त वेळ पळते. सहा वर्षांच्या मुलाला तो वेग पुरतो. रिमोटला फार करंट लागत नाही, तिथे साधे सेल चालतील.

लिथियमच्या पॅकची गाडी असेल तर साधारण ५०० मिलिअँपिअर-अवरचा पॅक येतो. यूएसबी वायरीवर भरायला दोन-तीन तास आणि पळायला वीस-पंचवीस मिनिटं. एवढी तफावत असल्यामुळे दुसरी गाडी घेण्यापेक्षा त्याच गाडीचा दुसरा पॅक घेणं शहाणपणाचं. मात्र एक धोका लक्षात ठेवा. ३.७, ४.८ आणि ७.४ व्होल्टचे पॅक दिसायला सारख्याच प्लगचे मिळतात. एका गाडीचा चार्जर दुसऱ्या गाडीच्या लिथियम पॅकला लावला तर पॅक फुगतो, पेटूही शकतो. चार्जर आणि पॅक दोघांवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावून टाका. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका आणि फुगलेला पॅक परत वापरू नका.

गाड्या बिघडतात कशाने? बहुतेक वेळा एकाच कारणाने. चाकाच्या आसाला केस, दोरा किंवा सतरंजीची दशी गुंडाळली जाते, चाक अडतं, आणि मूल रिमोटचं बटण दाबूनच धरतं. अडलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. मग आतला ट्रान्झिस्टर जळतो किंवा प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातात. गाडी अडली की बटण सोडायचं, हा नियम पहिल्या दिवशी शिकवा. आठवड्यातून एकदा चिमट्याने आस साफ करा. गाडीचं आयुष्य यानेच वाढतं.

शेवटचं, आयएसआयचा शिक्का. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. क्रमांक नसलेला नुसता शिक्का म्हणजे छापलेलं चित्र. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी यांना सूट आहे. त्यामुळे चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यावर शिक्का दिसला नाही म्हणून बिचकू नका.


मंगळाई_सातारा

किल्ल्याबद्दल मी लिहिते, कारण तुमच्या यादीतली ही एकच गोष्ट अशी आहे की पाचही मुलांना एकाच वेळी काम मिळतं.

काळी माती तडकणारच, तो तिचा स्वभाव आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या रानात भेगा पडतात, तेच इथे लहान प्रमाणात होतं. म्हणून काळी माती बांधकामाला नव्हे, चिकटवण्यापुरती वापरायची. तीन घमेली बारीक चाळलेला मुरूम किंवा तांबडी माती, एक घमेलं काळी, आणि त्यात दोन ओंजळी गव्हाचा भुसा. भुसा मातीला धरून ठेवतो, आकसताना एका मोठ्या भेगेऐवजी बारीक रेघा पडतात, त्या हाताने लिंपून जातात. तुमच्या जागेला एकूण आठ-नऊ घमेली पुरतील.

आतला सांगाडा मातीचा करू नका. चाळीसेक विटा, मोठे दगड, फुटक्या कुंड्या उपड्या घाला. पुठ्ठ्याची खोकी आत घालतात तिथेच किल्ला बसतो, ओल लागली की दुसऱ्या दिवशी खोकं मऊ पडतं. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि तळाला एका बाजूला उतार ठेवा, पाच फुटांत तीन इंच. परतीचा पाऊस दिवाळीत येऊ शकतो, पाणी साचलं तर पायथाच सुटतो.

सांगाड्यावर गोणपाट घालायचं. ते कोरडं घालू नका. पातळ पिठल्याएवढा चिखल कालवून त्यात बुडवून, पिळून, मग अंथरा. तीन-चार पोती लागतील, दोन थर द्या. कडे उभे हवे असतील तर गोणपाटाशिवाय माती उभ्या उतारावर थांबत नाही, घसरून पायथ्याला येते. वरून दीड-दोन बोटं जाडीचा मातीचा थर. हा थर एक दिवस सावलीत वाळू द्या. भर उन्हात वाळवला तर वरची साल आधी आकसते, आतली ओलीच राहते, आणि साल उचकटते. ओलसर असतानाच चमच्याच्या दांड्याने पायऱ्या कोरा. तटबंदीच्या पट्ट्या वेगळ्या थापून, एक इंच जाड आणि दोन इंच उंच, खालून पाणी लावून बसवायच्या. आइस्क्रीमच्या काडीने जंग्या (तटातून बंदुका झाडायची भोकं) पाडायच्या.

हिरवळीला अळीव सगळ्यांत चांगले. अर्धा तास भिजवले की त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते उतारावर चिकटून बसतात. मोहरी घरंगळते. गहू सपाटीवर माचीला लावा, उंच वाढतो, गवतासारखा दिसतो. तुमच्या किल्ल्याला शंभर ग्रॅम अळीव पुष्कळ झाले. दाट थापले की खालचे कुजतात आणि पांढरी बुरशी धरते. दुसऱ्या दिवशी मोड, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं. म्हणजे वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरणी आणि त्याच्या तीन दिवस आधी बांधकाम सुरू. पाणी फवाऱ्यानेच. तांब्याने ओतलं की सगळं बी पायथ्याला. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाकून ठेवा, चिमण्या आणि मुंग्या दोघींपासून. गेरूचं पाणी द्यायचं तर पेरणीच्या आधी, लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम गेरू.

अकरा वर्षांच्या मुलाला नकाशाचं काम द्या. प्रतापगड घ्या, १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांनी बांधून घेतलेला. बालेकिल्ला ढोबळ चौकोनी, बाजू सुमारे १८० मीटर. खालचा किल्ला त्याच्या दक्षिण-पूर्वेला, लांबी सुमारे ३२० मीटर, रुंदी ११०. प्रमाण १ : ३०० धरलं तर हिशोब सोपा आहे, मीटरला तीनने भागलं की सेंटीमीटर मिळतात. बालेकिल्ला ६० सेंमीचा चौकोन, खालचा किल्ला १०७ बाय ३७. तुमच्या १५२ बाय १२२ सेंमीच्या जागेत दोन्ही बसतात आणि पायथ्याला बाजारपेठेला जागाही उरते. याच प्रमाणात माणूस अर्ध्या सेंटीमीटरहून जरा मोठा येतो आणि बाजारातला मावळा सात सेंमीचा असतो. मुलाला हे लक्षात येईलच. मावळे मोठेच ठेवा, पण दरवाजा मावळ्याच्या मापाने करा, नाहीतर आत कोणी जाऊच शकणार नाही असा किल्ला दिसतो. न भाजलेले मावळे पावसात विरघळतात, रात्री उचलून आत घ्या.

सहा वर्षांच्या मुलाला चाळणी आणि फवारा. नऊ वर्षांच्या दोघींना तटबंदी आणि पायऱ्या. त्यांच्या बोटांना ते बारीक काम जमतं.


चौसष्ट_घरं

कॅरमचं. स्पर्धेचा बोर्ड आतून ७४ सेंमी चौरस, म्हणजे आपण २९ इंची म्हणतो तो. सहा वर्षांच्या मुलाचा हात त्यावर पलीकडच्या सोंगटीपर्यंत नजर धरून पोचत नाही, मूल गुडघ्यावर चढून बोर्डावर ओणवं होतं आणि चौकट सैल होते. तुमच्या घरात २६ इंची घ्या. जाडी मात्र कमी करू नका, ८ मिमी प्लाय हवाच. ४ मिमीचे बोर्ड स्वस्त मिळतात, एका पावसाळ्यात मध्ये फुगतात आणि सगळ्या सोंगट्या कोपऱ्याकडे जातात. दुकानात दोरा ताणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांवर धरा. खाली उजेड दिसला किंवा दोरा मध्ये उचलला गेला तर तो बोर्ड सोडा. मग स्ट्रायकर अगदी हळू सोडून चारही कडांवर आदळवा. सगळीकडून सारखाच परत यायला हवा, एखादी कड मऊ असेल तर तिचा सांधा उघडा आहे. नियमातला स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो, लहान मुलांना हलका द्या, बोटाचं नख दुखत नाही. ठेवताना भिंतीला तिरका टेकवू नका. सरळ उभा ठेवा, ओल नसलेल्या भिंतीपाशी.

सांगलीत राहून बुद्धिबळाचं नाव यादीत नाही, याचं मला वाईट वाटलं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावात पिढ्यान् पिढ्या मुलं बसवली आहेत. पट घ्यायचा तर गुंडाळता येणारा रेक्झिनचा, घर ५ ते ६ सेंमीचं, राजा साडेनऊ सेंमीचा. किंमत कॅरमहून बरीच कमी. चुंबकाचा छोटा पट घेऊ नका. सोंगट्या बोटात येत नाहीत आणि तळाचं चुंबक निघून पडतं, ते धाकट्याच्या तोंडात गेलं तर फार मोठा प्रश्न होतो.

आणि जवळपास फुकटातला खेळ: चल्लस-आठ. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं, बाजूंच्या मधल्या चार घरांत आणि मधोमध फुल्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि टाकायला चार कवड्या. कवड्या नसतील तर चिंचोके. भिजवू नका, फुगतात. कोरडा चिंचोका दगडावर किंवा फरशीवर घासून एका अंगाने पांढरा करा. जितके पांढरे वर, तितकी घरं. चारही पांढरे म्हणजे चार, चारही काळे म्हणजे आठ, आणि या दोन्हींवर परत डाव. घासण्यात चूक होते ती अशी: एक अंग जास्त घासलं की चिंचोका एकाच बाजूला पडत राहतो. चारातला प्रत्येक चिंचोका पन्नास वेळा टाकून मोजायला सांगा. वीस ते तीसच्या मध्ये पांढरा आला तर ठेवा, नाहीतर दुसरा घासा. नऊ वर्षांच्या मुलींना यात एक अख्खी दुपार जाईल.


सदरबझार_सातारा

किल्ल्यावर दिवे लावायला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि एलईडी पुरतात. लाल-पांढरे दहा-बारा एलईडी एकत्र बांधून बॅटरीला लावून द्या, झालं.


कुपवाड_दुरुस्ती

दादा, तसं लावलं तर पहिल्या सेकंदातच काही जळतील. एलईडी बल्बसारखा नसतो, हवा तेवढाच करंट घेऊन थांबत नाही. पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला सुमारे २. थेट ९ व्होल्ट दिले तर जळतो. शिवाय लाल आणि पांढरे समांतर बांधले की लाल सगळा दाब २ व्होल्टवर खेचून ठेवतो, पांढरे पेटतच नाहीत. मुलं म्हणतात पांढरे खराब आहेत. ते खराब नसतात.

ताई, तुम्ही मोबाइलची पॉवरबँक वापरा, ५ व्होल्ट. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर (करंट आवरून धरणारा छोटा भाग): पांढऱ्याला १५० ओहम, लालला २२० ओहम. एलईडीचा लांब पाय अधिक बाजूला. सुटी यूएसबी वायर कापली तर लाल अधिक, काळी उणे. जोडांवर चिकटपट्टी नको, ओलीत सुटते. प्लॅस्टिकची उष्णतेने आवळणारी नळी घाला.

धबधबा करायचा असेल तर ३ ते ६ व्होल्टचा छोटा पाण्यात बुडणारा पंप मिळतो. ५ व्होल्टवर दीड-दोन फूट पाणी सहज चढवतो. कोरडा चालवला की थोड्याच वेळात तापून जातो, म्हणून आधी बुडवा, मग बटण. गढूळ पाण्यात पंख्यात वाळू अडकते. तळं म्हणून प्लॅस्टिकचा डबा पुरा, त्यात स्वच्छ पाणी घाला आणि पंपाला जुन्या साडीच्या पातळ कापडाची पिशवी बांधा. माशांच्या टाकीची हवेची बारीक नळी याच्या तोंडावर बसत नाही. आतून ६ मिमीची पारदर्शक नळी घ्या, टोक गरम पाण्यात धरून चढवा. धबधब्याच्या वाटेवर माती ठेवू नका, तिथे चपटे दगड किंवा कौलाचे तुकडे रचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कडा वाहून तळ्यात येतो.

एक अडचण येईल. पॉवरबँकेला फार कमी करंट लागला तर ती आपोआप बंद होते. एकटे चार-पाच एलईडी लावले की हे घडतं. पंप आणि दिवे एकत्र लावले की बहुतेक वेळा बंद होत नाही. दहा दिवे आणि पंप, दहा हजार मिलिअँपिअर-अवरची पॉवरबँक, साधारण पंधरा तास धरा. पॉवरबँक किल्ल्याच्या बाहेर कोरड्या डब्यात.

घरच्या २३० व्होल्टची माळ ओल्या किल्ल्यावर टाकू नका. कितीही चांगल्या दुकानातली असो. ओली माती, अनवाणी मुलं आणि कापलेली माळ हे एकत्र येता कामा नये. तेलाची पणती पायथ्याला, गोणपाटापासून हातभर लांब.


विश्रामबाग_सांगली

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कोणी सांगत नाही. नऊ वर्षांच्या दोघींना विजेचं काहीतरी हाताने करायचंय, पण सोल्डरिंग नको. आणि धाकट्याचं कोणीतरी नीट सांगा.


मिरज_परिचारिका

धाकट्याचं मी सांगते. दिवाळीत सगळ्यांत धोक्याची वस्तू खेळण्यांच्या दुकानात नसते, ती सेलवरची पणती असते. अशा पुष्कळ पणत्यांत सीआर२०३२ हा २० मिमीचा चपटा लिथियम सेल असतो आणि झाकण नुसतं दाबून बसवलेलं, स्क्रू नसतो. पडली की झाकण उघडतं. हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यातून करंट वाहतो, उणे बाजूला दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजतं. सेल फुटावा लागत नाही, रिमोट चालेनासा झालेला जुना सेलही हे करू शकतो. लक्षणं लाळ गळणं, खोकला, जेवण नाकारणं अशी साधी असतात, कधी काहीच नसतात. शंका आली तरी थेट हॉस्पिटलमध्ये जाऊन एक्स-रे. उलटी करवू नका, जेवण देऊ नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास झालेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. त्यासाठी थांबायचं मात्र नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध नाही.

चुंबकाचे मणी आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरात आणूच नका. दोन चुंबकं गिळली तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून चिमटतात आणि तिथे भोक पडतं. फुगणारे मणी पोटात फुगून आतडं अडवतात आणि एक्स-रेत दिसतही नाहीत.

बाकी वस्तूंना घरच्या घरी माप लावा. कागदाची पट्टी घेऊन १० सेंमी घेराची नळी करा, आतला व्यास ३२ मिमीच्या आसपास येतो. तीन वर्षांखालच्या खेळण्यांच्या चाचणीचं माप जवळजवळ हेच आहे. नळीत जे पूर्ण शिरतं ते धाकट्याच्या हाताला लागू द्यायचं नाही. सागरगोटे, कवड्या, चिंचोके, बहुतेक कॅरमच्या सोंगट्यासुद्धा आत जातात. कॅरमवर टाकायची बोरिक पावडर विषारी आहे, ती डब्यात, वरच्या फळीवर. आणि फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो, लगेच उचला.

त्याला काय द्यायचं? स्टीलच्या एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात मोठे लाकडी ठोकळे. दीड वर्षाचं मूल टाकणं, काढणं, आपटणं यातच रमतं. विकतचं संगीत वाजवणारं खेळणं कोणी आणलंच तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का तेवढं बघा.


कुपवाड_दुरुस्ती

दोघींसाठी साधी मोटर. टॉर्चचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चपटं चुंबक (बटणाएवढं नको, रुपयाच्या नाण्याहून मोठं, वर धाकट्याचं वाचलंच आहे), सायकलच्या ट्यूबचा एक रुंद वळा आणि दीड मीटर मुलामा (वीज अडवणारं वार्निश) असलेली तांब्याची तार. तार पंपाच्या मोटरी भरणाऱ्याकडे मागा, आपल्या जिल्ह्यात असं दुकान शोधावं लागत नाही. २२ ते २४ गेजची.

सेलवरच तार दहा वेढे गुंडाळा, काढून घ्या, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढून एकेक वेढा कडेला आवळा. आता मुख्य काम. एका टोकाचा मुलामा ब्लेडने चारही बाजूंनी खरवडा, हे मोठ्यांनी करावं. दुसऱ्या टोकाचा फक्त वरच्या अर्ध्या बाजूचा, वेढा उभा धरून. पिना ट्यूबच्या वळ्याने सेलच्या दोन टोकांना आवळून उभ्या करा, पिनांच्या डोळ्यांत तारेची टोकं घाला, खाली सेलवर चुंबक ठेवा, बोटाने एक झटका द्या.

फिरत नसेल तर कारण बहुधा यातलं एक असतं. दोन्ही टोकं चारही बाजूंनी खरवडली आहेत, मग वेढा डुलतो आणि थांबतो, कारण अर्ध्या फेरीत करंट तुटायला हवा तो तुटत नाही. किंवा मुलामा नीट निघालेला नाही, तांबं चकाकायला हवं, तपकिरी दिसता कामा नये. किंवा टोकं एका रेषेत नाहीत आणि वेढा लडबडतो. वेढा थांबला की सेलवरून काढा, नाहीतर सेल आणि तार दोन्ही तापतात.


चौसष्ट_घरं

ताई, अकरा वर्षांच्या मुलाला मोटारी आणि चाकांच्या किटपेक्षा नुसता मायक्रोबिट घ्या. किटमधले भाग एकच गाडी करण्यापुरते असतात, एकदा जुळवली की किट संपलं. मायक्रोबिटवर पंचवीस दिवे, दोन बटणं आणि हलवलेलं ओळखणारा सेन्सर आधीच असतो, वेगळं काही लागत नाही. दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो. संगणकाला जोडताना डेटा जाणारी यूएसबी वायर हवी. नुसत्या चार्जिंगच्या वायरीने दिवा लागतो पण संगणकाला तो दिसत नाही, पहिल्या दिवशी इथेच सगळे अडकतात. उघडा बोर्ड ओल्या किल्ल्यावर किंवा स्टीलच्या ताटात ठेवू नका, खालचे जोड एकमेकांशी जोडले जाऊन शॉर्ट होतात.

पहिलं काम त्याला हे द्या: हलवला की चल्लस-आठचं दान पडलं पाहिजे. तो बहुधा ० ते ४ मधला कोणताही आकडा असं लिहील आणि शून्याला आठ म्हणेल. खेळ सुरू झाला की दोघी बहिणी तक्रार करतील की चार आणि आठ फारच पडतायत, डाव संपतच नाही. त्यांचं बरोबर असेल. खऱ्या चार चिंचोक्यांच्या सोळा शक्यता असतात. एक चार वेळा, दोन सहा वेळा, तीन चार वेळा, आणि चार व आठ प्रत्येकी एकदाच. त्याच्या कोडमध्ये मात्र पाचही दानं सारख्याच वेळा येतात, म्हणजे परत डाव देणारी दानं आठांत एकदा यायची ती पाचांत दोनदा यायला लागतात. उत्तर असं की चार वेळा वेगवेगळं ० किंवा १ काढायचं आणि बेरीज करायची. हे सांगू नका. दोघींकडे चिंचोक्यांच्या पन्नास टाकांचे कागद असतील, ते त्याच्यापुढे ठेवा.


विश्रामबाग_सांगली

ठरलं. मायक्रोबिट, २६ इंची कॅरम, रेक्झिनचा बुद्धिबळाचा पट, पंप आणि एलईडी. रिमोटची गाडी यंदा नाही. सेलवरच्या पणत्या आधीच आणलेल्या आहेत, त्या आज माळ्यावर टाकते. जुन्या एका गाडीच्या रिमोटमध्ये सेल गळून पांढरी भुकटी धरली आहे, ती दुरुस्त होईल का?


कुपवाड_दुरुस्ती

पणत्या माळ्यावर टाकण्याआधी सेल काढा आणि प्रत्येक सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मग टाकून द्या.

रिमोट बहुधा होईल. आधी सेल कोणता होता ते बघा. अल्कलाइन असेल तर भुकटी क्षाराची, कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, फेस येतो तो येऊ द्या. साधा झिंक-कार्बन असेल तर गळलेलं आम्ल असतं, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. मग ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या काडीने. स्प्रिंग हिरवी-काळी झाली असेल तर बारीक पॉलिश पेपरने तांबूस किंवा चंदेरी दिसेपर्यंत घासा, तुटली असेल तर जुन्या टॉर्चची बसते. हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका. एक दिवस उघडा ठेवून मग नवे सेल घाला.